दूरचे डोंगर मऊ येतात: दोष लेन्सचा की अ‍ॅडॅप्टरचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरातल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यासोबतच्या पेंटॅक्सच्या तीन सुपर टाकुमार लेन्स तुमच्याकडे आहेत: २८ मिमी एफ/३.५, ५५ मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/३.५. त्यांची बैठक एम४२, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची. त्यासाठीचा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी जोडकडी, घेऊन त्या तुम्ही २४ मेगापिक्सेलच्या, सोनी ई माउंटच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर लावल्या. जवळचं झाड, दगड, फुलं सुरेख येतात. पण रिंग ∞ वर टेकवून दूरचे डोंगर काढले की ते मऊ येतात. २८ मिमीवर तर उजवीकडचे दोन्ही कोपरे पुसल्यासारखे दिसतात. सूर्य समोर आला की सगळ्या फोटोवर पांढुरकी साय चढते. लेन्स खराब झाल्यात का, की जुन्या लेन्स अशाच असतात, आणि सरळ नवीन वाइड लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

यात तीन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. मी बारा वर्षं निसर्गचित्रणासाठी अशाच लेन्स वापरते आहे. तुमचं वर्णन वाचून पहिला संशय मला अ‍ॅडॅप्टरचा आला, लेन्सचा नाही. नवीन लेन्स घ्यावी की नाही हे तुम्ही काय काढता आणि केवढा प्रिंट करता यावर ठरेल. पण तो निर्णय आज घेऊ नका. आधी अ‍ॅडॅप्टर तपासा.

त्याआधी अर्ध्या मिनिटाचं एक काम. सुपर टाकुमारच्या अंगावर ऑटो आणि मॅन्युअल अशी सरकणारी बारीक कळ असते. ती ऑटोवर असेल आणि तुमचा अ‍ॅडॅप्टर लेन्समागची छोटी पिन दाबत नसेल, तर तुम्ही एफ/८ लावलं तरी अ‍ॅपर्चरचं, म्हणजे उजेडाचं, छिद्र लहान करणारी पाती उघडीच राहतात. लेन्समध्ये समोरून बघत अ‍ॅपर्चरची रिंग फिरवा. पाती आत येताना दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर कळ मॅन्युअलवर सरकवा आणि तेच फोटो पुन्हा काढून बघा. मऊपणातला बराच भाग एवढ्यानंही जाऊ शकतो.

आता डोंगरांकडे येऊ. एम४२ लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिमीवर असावी असं ते माप ठरलेलं आहे. सोनी ई माउंटची बैठक सेन्सरपासून १८ मिमीवर असते. म्हणजे मधल्या अ‍ॅडॅप्टरची जाडी २७.४६ मिमी हवी. ती या मापापेक्षा जास्त झाली तर लेन्स दूरवर फोकस करूच शकत नाही. केवढ्या फरकानं हे होतं ते बघा. अ‍ॅडॅप्टर फक्त ०.१ मिमी जाड झाला, म्हणजे साधारण एका कागदाएवढा, तर २८ मिमीची लेन्स जेमतेम आठ मीटरपर्यंत फोकस करेल. त्यापलीकडचं काहीही कधीच धारदार येणार नाही. १३५ मिमीवर तीच चूक जवळपास १८० मीटरवर अडवते. हे टाळायला अ‍ॅडॅप्टर बनवणारे जाडी मुद्दाम थोडी कमी ठेवतात. तसं ठेवलं की लेन्स ∞ च्या खुणेच्या थोडं आधीच खऱ्या अनंतावर पोचते आणि खुणेवर टेकवली की पुढे निघून जाते.

तुमच्या बाबतीत हेच होत असावं असं मला वाटतं. फिल्म कॅमेऱ्यावर रिंग टेकवली की काम व्हायचं, कारण लेन्स आणि बॉडी एकमेकांसाठी जुळवलेल्या होत्या. इथे मध्ये तिसरा तुकडा आला आहे. ०.१ मिमीनं कमी असलेल्या अ‍ॅडॅप्टरवर २८ मिमीचं खरं अनंत रिंगवरच्या आठ मीटरच्या जागेच्या आसपास सापडतं. ती खूण सोडून तुम्ही ∞ वर टेकवलंत तर एफ/८ ला प्रत्येक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०१२ मिमीचा ठिपका होतो. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मिमीचा आहे, म्हणजे तो ठिपका दोन पिक्सेल पसरला. एफ/३.५ वर तोच पाच पिक्सेलच्या जवळ जातो. डोंगरावरच्या झाडीची लोकर व्हायला तेवढं पुरतं. जवळचं तुम्ही डोळ्यांनी बघून फोकस करता, म्हणून ते छान येतं.

यावर उपाय म्हणून ∞ ची खूण विसरा. दूरचं दृश्यही डोळ्यांनीच फोकस करा. मी कसं करते ते सांगते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवते आणि डोंगराच्या कडेवर आकाशासमोर उभं असलेलं एखादं निष्पर्ण झाड शोधते. व्ह्यूफाइंडरमध्ये ते पूर्ण मोठं करते. मग रिंग ∞ कडून हळूहळू अलीकडे आणते. आधी फांद्यांचा एक राखाडी पुंजका दिसतो, मग जाड फांद्या सुटतात, मग एका क्षणी टोकाच्या काड्या केसासारख्या वेगळ्या होतात. थोडं पुढे गेलं की पुन्हा गुंता. दोनतीनदा इकडून तिकडे जाऊन मधली जागा पकडते आणि हात काढून घेते. १३५ मिमीवर रिंगला नुसता हात लागला तरी चित्र थरथरतं, म्हणून हात काढल्यावर पुन्हा एकदा बघावंच लागतं.

फोकस पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा कॅमेरा रंगवून दाखवतो ती सोय) रंगीत कडांवर दूरच्या दृश्यात विसंबू नका. कॉन्ट्रास्ट जिथे जास्त तिथे ते रंग दाखवतं. धुक्यातल्या डोंगररांगेवर ते काहीच दाखवत नाही आणि जवळच्या गवतावर सगळीकडेच दाखवतं. अ‍ॅपर्चरचंही एक आहे. ५५ मिमी एफ/१.८ वर फोकस करून मग एफ/८ केलंत तर फोकसची जागा किंचित सरकू शकते, ही जुन्या वेगवान लेन्समधली नेहमीची गोष्ट आहे. मी ती एफ/४ वर आणून फोकस करते. तिथे नेमकी जागा दिसण्याइतपत फोकसची खोली कमी असते आणि सरकणं जवळपास संपलेलं असतं.

एकदा जागा सापडली की रिंगवर पांढऱ्या पेन्सिलीनं किंवा टेपच्या बारीक पट्टीनं खूण करून ठेवा. ती खूण त्या लेन्सची आणि त्याच अ‍ॅडॅप्टरची. अ‍ॅडॅप्टर बदलला की खूण बदलली.

दुसरं दुखणं उजवीकडच्या कोपऱ्यांचं. वाइड लेन्सचे चारही कोपरे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव म्हणता येतो. एकाच बाजूचे दोन मऊ असतील तर काहीतरी तिरकं बसलंय. ते लेन्समधलं भिंग असेल किंवा अ‍ॅडॅप्टर. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. ५५ मिमीची लेन्स त्याच अ‍ॅडॅप्टरवर लावा, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ठेवा, दूरचं एक झाड मध्यभागी घेऊन फोकस करा. मग रिंगला हात न लावता कॅमेरा वळवून तेच झाड चारही कोपऱ्यांत आणून एकेक फोटो काढा. ५५ वरही उजवी बाजूच मऊ आली तर अ‍ॅडॅप्टर तिरका आहे. तिरकेपणाचा परिणाम फोकल लेंग्थवर फारसा अवलंबून नसतो, अ‍ॅपर्चर किती उघडं आहे त्यावर असतो, म्हणून तो ५५ वरही दिसायलाच हवा. ५५ चे चारही कोपरे सारखे आले तर मात्र २८ मिमीच्या आतलं भिंग हललंय आणि ते काम चांगल्या कारागिराचं आहे.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. एक अ‍ॅडॅप्टर मी दोन वर्षं वापरला आणि दोन वर्षं २८ मिमीच्या लेन्सला दोष देत राहिले. शेवटी व्हर्नियर कॅलिपरनं त्याची जाडी चार ठिकाणी मोजली. एका बाजूला २७.३६ आणि समोरच्या बाजूला २७.१८. म्हणजे ०.१८ मिमीचा उतार. अ‍ॅडॅप्टर दोन तुकड्यांचा, चार स्क्रूंनी जोडलेला असतो. स्क्रू काढले तर दोन तुकड्यांच्या मध्ये, ज्या बाजूला जाडी जास्त होती तिथेच, धातूचा नखाच्या कातरणीएवढा कीस दाबला गेलेला निघाला. तो काढला, दोन्ही तळ पुसले, स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळले आणि पुन्हा मोजलं. सगळीकडे २७.१८ ते २७.२०. आता तो सगळीकडे सारखा होता, पण पाव मिमीहून जास्त पातळ. म्हणून तांब्याच्या पातळ पत्र्याची कडी कापून मध्ये घातली आणि २७.३८ पर्यंत आणला. शेवटचे काही शतांश मी मुद्दाम सोडले. लेन्स अनंतापलीकडे थोडी जाऊ शकली पाहिजे, नाहीतर चुकून जाडी जास्त झाली तर डोंगर कायमचे गेले. ते कोपरे त्या दिवशी परत आले आणि ती २८ मिमी आजही माझ्या बॅगेत आहे.

तुमच्या टाकुमारसाठी जाडी एवढी काटेकोर असायची गरज नाही, कारण त्यांची सगळी काच एकत्र पुढेमागे होते. ज्या लेन्समध्ये फोकस करताना आतल्या गटांमधलं अंतरही बदलतं, जसं १९६७ मध्ये आलेल्या २४ मिमी एफ/२.८ निक्कोरमध्ये, तिथे पातळ अ‍ॅडॅप्टर वेगळाच त्रास देतो. रिंग आठ मीटरवर ठेवून तुम्ही अनंत काढता, म्हणजे आतले गटही आठ मीटरसाठीच लागलेले असतात आणि कोपरे बिघडतात. पुढे कधी अशी लेन्स घेतलीत तर हे लक्षात असू द्या.

हे सगळं नीट झाल्यावरही २८ मिमी तुम्हाला थोडी निराश करेल, हे आत्ताच सांगते. जुन्या लेन्सची ताकद नॉर्मल आणि मध्यम टेलीमध्ये आहे. ५० च्या आसपासची साधी रचना साठच्या दशकापर्यंत चांगली घोटली गेली होती. एफ/८ ला तुमची ५५ मिमी २४ मेगापिक्सेलला कमी पडणार नाही, आणि १३५ सुद्धा नाही. वाइडचं तसं नव्हतं. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, त्या आरशाला जागा ठेवायची म्हणून लेन्स फोकल लेंग्थपेक्षा बरीच पुढे बसवावी लागते आणि त्यासाठी उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागते. अँजेन्यूनं १९५० मध्ये ३५ मिमीची अशी लेन्स आणली. तिथून पुढची काही वर्षं हे तंत्र शिकण्यातच गेली. तुमच्या २८ चा मध्यभाग एफ/८ ला उत्तम येईल, कोपरे एफ/११ ला चालण्यासारखे. त्यापुढे एफ/१६ ला गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच एकसारखं बोथट होतं. रेंजफाइंडरच्या, म्हणजे असा आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, जुन्या वाइड लेन्सचा मोह झाला तर तोही आवरा. त्यांची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ असते, कोपऱ्यांकडे किरण फार तिरके जातात आणि सेन्सरवरच्या जाड काचेतून ते फिसकटतात. एसएलआरच्या वाइडला हा त्रास खूप कमी होतो.

म्हणून वाइड दृश्य लागतं तेव्हा मी बऱ्याचदा ५५ मिमीच काढते. कॅमेरा उभा करायचा आणि एकतृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशा चार फ्रेम डावीकडून उजवीकडे घ्यायच्या. जोडल्यावर रुंदी २८ मिमीएवढी होते, उंची थोडी कमी पडते, पण बारकावे दुपटीहून जास्त मिळतात. शिवाय प्रत्येक फ्रेमची कड पुढच्या फ्रेमखाली जाते, त्यामुळे कोपऱ्यांची चिंता बरीचशी मिटते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानं कायम करा. फोकस तर ही लेन्स आपणहून बदलूच शकत नाही, आणि या कामात तो मोठा फायदा आहे. लाटा किंवा वाऱ्यात हलणारं गवत असेल तर मात्र जोडणी फसते.

पायाशी खडे आणि मागे डोंगर, दोन्ही धारदार, अशी चित्रं तुमच्या आवडीची असतील आणि तुम्ही मोठे प्रिंट करत असाल, तर नवीन वाइड लेन्स घ्या. त्यात जुन्या लेन्सचा अपमान नाही. ५५ आणि १३५ ठेवा. दूरच्या रांगा एकामागे एक दाबून काढायच्या असतील, पहाटेचं धुकं, एकटं झाड असं काढायचं असेल, तर त्या दोघी तुम्हाला वर्षानुवर्षं पुरतील. रात्रीच्या ताऱ्यांसाठी यातली एकही नको. उघड्या अ‍ॅपर्चरला कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात.

तोवर २८ वापरायचीच आहे, तर लेन्सवरची खोलीची खूणपट्टी (कुठपासून कुठपर्यंत धारदार येईल ते दाखवणारी) जशीच्या तशी मानू नका. ती फिल्मच्या काळातल्या, छोट्या प्रिंटच्या हिशोबानं काढलेली आहे. त्या हिशोबानं २८ मिमीला एफ/८ वर ३.३ मीटरला फोकस केलं की अर्ध्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं धारदार. आजच्या सेन्सरवर पूर्ण मोठं करून बघाल तर दूरचे डोंगर त्यात नापास होतात. निकष दुप्पट कडक केला की ते अंतर साडेसहा मीटर होतं. मी एफ/११ लावते आणि खुणा एफ/५.६ च्या वाचते. आणि शंका असेल तर फोकस दूरच्या बाजूला झुकता ठेवते. जवळचा दगड किंचित मऊ असला तर डोळा तो स्वीकारतो, डोंगराची कड मऊ असली तर सगळा फोटोच हललेला वाटतो.

आता ती पांढुरकी साय. थोडा दोष कोटिंगचा. सुपर टाकुमारवर एकपदरी कोटिंग आहे, पुढे सुपर मल्टी कोटेड मालिका आली ती बहुपदरी. पण माझा अनुभव असा की निम्मी साय अ‍ॅडॅप्टरच्या आतून येते. लेन्स लावून, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून, कॅमेऱ्याशिवाय मागून आत बघा आणि समोरून तिरका उजेड पडू द्या. अ‍ॅडॅप्टरच्या आतली भिंत चकाकताना दिसेल. काळा रंग असला तरी गुळगुळीत काळा तिरप्या उजेडात आरशासारखा वागतो. आतून काळा मखमली चिकटकागद लावा, कडा नीट दाबा आणि सुटे धागे टेपनं उचलून घ्या, नाहीतर ते सेन्सरवर जातील. माझ्या तिन्ही अ‍ॅडॅप्टरना तो लावलाय. याहून कमी कष्टात याहून जास्त कॉन्ट्रास्ट मला कशानंच मिळालेला नाही.

हूड लावाच, आणि सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर असेल तर हातानं किंवा टोपीनं लेन्सवर सावली धरा. व्ह्यूफाइंडरमध्ये साय उतरताना दिसते. सूर्य चौकटीतच असेल तर काही उपाय नाही. तिथे मी ५५ मिमी एफ/११ ला लावून सूर्य एखाद्या खोडाच्या कडेला अर्धा लपवते. तिला सहा पाती आहेत, म्हणून सहा किरणांचा स्वच्छ तारा मिळतो. पाती सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट.

साय सगळ्याच दिशांना येत असेल तर अंधाऱ्या खोलीत लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, दुधाळ पडदा दिसला तर आतलं तेल वाफ होऊन काचेवर बसलंय. दोन्ही साफ होऊ शकतात, पण लेन्स उघडायची सवय नसेल तर स्वतः हात घालू नका. पुढच्या काचेवरच्या एकदोन ओरखड्यांनी काही बिघडत नाही. ५५ मिमी पिवळसर दिसत असेल तर घाबरू नका. त्या काळातल्या काही टाकुमारमध्ये थोरियम असलेली काच आहे आणि ती वर्षांगणिक पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. ती काच घासू नका, फोडू नका. फोटो काढण्यात धोका नाही.

शेवटची गोष्ट स्टॅबिलायझरची, म्हणजे हाताचा कंप भरून काढणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सोयीची. कॅमेऱ्याला कुठली लेन्स आहे हे कळत नाही, फोकल लेंग्थ तुम्ही भरायची. एकदा मी १३५ काढून २८ लावली आणि मेनूत १३५ तसंच राहिलं. कॅमेरा गरजेपेक्षा जवळपास पाचपट दुरुस्ती करत राहिला आणि एका पहाटेच्या सगळ्या हातातल्या फ्रेममध्ये डोंगरांना दोन दोन कडा आल्या. ते धुकं पुन्हा मिळालं नाही. तेव्हापासून लेन्स बदलली की आधी आकडा बदलते, मगच झाकण काढते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंदच ठेवते.

आता तुम्ही क्रमानं करा: कळ मॅन्युअलवर, मग ५५ ची चार कोपऱ्यांची चाचणी एफ/२.८ वर, मग तीच २८ वर एफ/३.५ आणि एफ/८ ला. कॅलिपर मिळाला तर अ‍ॅडॅप्टरची जाडी चार ठिकाणी मोजून ते आकडेही सांगा. त्यावरून २८ कारागिराकडे न्यायची की अ‍ॅडॅप्टर बदलायचा, हे मला नेमकं सांगता येईल.